के-एआरएस: मार्च ते डिसेंबर वापरल्यानंतर

के-एआरएस म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ड्यूपॉल आणि सहकाऱ्यांच्या एडीएचडी रेटिंग स्केल-४ चं कोरियन रूप. मुलांमधला एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलता यांचा विकार, ओळखायला मदत करणारी ही प्रश्नावली. त्याच्या पालक आणि शिक्षक फॉर्मची विश्वसनीयता-वैधता तपासणारा कोरियन अभ्यास २००२ सालचा. प्रश्न १८, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ५४. विषम क्रमांकाचे ९ प्रश्न लक्ष न लागण्याबद्दल, सम क्रमांकाचे ९ अतिचंचलता आणि उतावळेपणाबद्दल. मार्च ते डिसेंबर वापरल्यावरचं मत: चाळणी म्हणून हा फॉर्म उत्तम आहे, पण नुसती बेरीज पाहून निर्णय घेऊ नये.

कोरियात सर्रास वापरला जाणारा कटऑफ, म्हणजे ज्या बेरजेपासून पुढची तपासणी सुचवतात तो आकडा, पालकांसाठी १९ आणि शिक्षकांसाठी १७. आता शिक्षकांनी अठराही प्रश्नांना ‘कधीकधी’ म्हणून १ दिला, तर बेरीज १८. मूल कटऑफच्या पुढे गेलं. पण २ किंवा ३ गुण असतील तरच लक्षण ‘आहे’ धरायचं, आणि त्या हिशेबाने याच मुलाची लक्षणं शून्य. उलट बाजू जास्त काळजीची. लक्ष न लागण्याच्या सहा प्रश्नांना २ आणि बाकी सगळीकडे ० असेल, तर बेरीज फक्त १२, तरीही डीएसएम-४ ची (मूळ स्केल ज्यावर बेतलं त्या अमेरिकन निदान-पुस्तिकेची) सहा लक्षणांची अट पुरी होते. वर्गात गप्प बसून हरवलेली मुलं, विशेषतः मुली, इथेच निसटतात. म्हणून फॉर्मवर तीन आकडे लिहावेत: विषमांची बेरीज, समांची बेरीज, आणि २-३ गुणांच्या प्रश्नांची संख्या.

रूपांतराची खरी कसोटी लागते ती उत्तरांच्या शब्दांवर. इंग्रजी ‘ऑफन’साठी कोरियनमध्ये ‘जाजू’ आणि ‘जोंगजोंग’ दोन्ही सुचतात. उलट-भाषांतरात, म्हणजे कोरियन मजकूर पुन्हा इंग्रजीत आणून पाहताना, दोन्ही पास होतात. पण ‘जोंगजोंग’ बऱ्याच जणांना ‘मधूनमधून’ असा लागतो आणि २ च्या जागी असलेला पर्याय मनात १ कडे सरकतो. हा फरक उलट-भाषांतरात दिसत नाही. आठ-दहा पालकांसोबत बसून ‘हा पर्याय म्हणजे आठवड्यातून किती वेळा?’ असं विचारलं तरच सापडतो.

वेळही सांभाळावी लागते. कोरियात शाळा मार्चमध्ये सुरू होते, त्यामुळे वर्गशिक्षकांचा मार्च-एप्रिलचा फॉर्म अंदाजाचाच असतो. मे अखेरीस भरलेला विश्वासाने वाचता येतो. पालकांच्या फॉर्ममध्ये घरातल्या परिस्थितीचा रंग मिसळतो. अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार येत असेल, तर पळण्या-चढण्याच्या ६ व्या आणि शांतपणे खेळण्याच्या ८ व्या प्रश्नाला गुण चढतात. संध्याकाळच्या हागवॉनमधून, म्हणजे खासगी शिकवणीतून, थकून आलेलं मूल अभ्यास टाळतं आणि ११ वा प्रश्न वाढतो. हे तीन प्रश्न मुलाखतीत पुन्हा विचारावेत. कोरं राहिलेलं घर ० धरू नये, फोन करून भरून घ्यावं.

मराठी रूप करणाऱ्यांनी आधी मूळ प्रकाशकाची परवानगी घ्यावी. ‘कधीकधी’, ‘अधूनमधून’, ‘बऱ्याचदा’ आणि ‘वारंवार’ हे शब्द नागपूर, कोल्हापूर आणि कोकणातल्या पालकांना वेगवेगळे विचारून पाहावेत. आणि १९ व १७ हे कोरियन आकडे आहेत, ते मराठी फॉर्मवर छापू नयेत.