तारांगणातील ग्रहजन्म: दृश्ये उत्तम, निवेदन घाईचे

आमच्या शहरातील तारांगणात सध्या सुरू असलेला ग्रहनिर्मितीवरचा खेळ तिकिटाचे पैसे वसूल करणारा आहे, परंतु तो निर्दोष नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील ‘अल्मा’ या ६६ अँटेनांच्या दुर्बिणीने २०१४ मध्ये टिपलेली एचएल टॉरी ताऱ्याभोवतीची वायू आणि धुळीची तबकडी घुमटभर पसरते, तेव्हा सुमारे दहा लाख वर्षांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने तान्ह्या ताऱ्याभोवती इतकी रेखीव वलये पाहून शास्त्रज्ञ का चकित झाले, हे सहज उमगते.

खटकले ते एवढेच, की प्रत्येक काळी फट ग्रहानेच कोरलेली असल्याचे निवेदक ठामपणे सांगतो. वास्तविक तबकडीतील वायूच्या दाबाच्या चढउतारांमुळेही धूळ कड्यांमध्ये साचू शकते. पीडीएस ७० या ताऱ्याच्या तबकडीतील पोकळीत मात्र दोन ग्रह प्रत्यक्ष दिसलेले आहेत, आणि नेमका तोच पुरावा येथे अर्ध्या मिनिटात उरकला आहे. वायूच्या रोधाने वेग गमावून मीटरभराचे दगड ताऱ्याकडे घसरतात, मग त्यांचे ग्रह होतात तरी कसे, या कोड्याचा तर उल्लेखही नाही. बसायचे असल्यास मागची रांग निवडावी. पुढे मान अवघडते.