लढण्यासाठी ताई ची शिकावी की सांदा?

प्रत्यक्ष लढता यावे या हेतूने चिनी युद्धकला शिकू पाहणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावे की ताई ची या एकाच नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. हनान प्रांतातील चनजियागोऊ गावात चन घराण्याने जपलेल्या परंपरेत संथ हालचालींच्या मधोमध अचानक जोर फोडणारे प्रहार आहेत, आणि ‘पाओ चुई’ हा दुसरा संच तर उड्या व तडाख्यांनी भरलेला, वेगवान आहे. याच गावात शिकलेल्या यांग लूछान यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला बीजिंगला नेली. त्यांचे नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) यांनी ती एकसारख्या संथ लयीत बसवली आणि त्यावरूनच १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांच्या आरोग्यासाठी २४ हालचालींचा सोपा संच तयार केला. बागांमधून दिसणारी ताई ची बहुतांशी ही असते. तिचे आरोग्यविषयक गुण खरे आहेत, पण लढत शिकायची असेल तर ती विचारातून वगळावी.

उरते ती पारंपरिक तालीम आणि सांदा, म्हणजे ठोसे-लाथांच्या स्पर्धात्मक लढतीचा चिनी प्रकार, यांची तुलना. पारंपरिक तालमीत लढतीच्या सर्वांत जवळ जाणारा भाग म्हणजे ‘तुईशौ’. दोघे समोरासमोर उभे राहून मनगटाला मनगट लावतात. एकाने रेटा दिला की दुसरा तो अडवत नाही, तर स्पर्श न सोडता कंबर वळवून त्याला बाजूने जाऊ देतो, आणि समोरच्याचा भार पुढच्या पायाच्या बोटांवर सरकल्याचे मनगटातून जाणवताच त्याच दिशेने थोडा जोर घालून त्याला उखडतो. स्पर्शातून तोल ओळखण्याची ही जाण इतक्या बारकाईने घडवणाऱ्या पद्धती फार थोड्या आहेत, आणि जवळून होणाऱ्या झटापटीत ती निश्चित उपयोगी पडते. उणीव आहे ती त्याआधीच्या क्षणाची. तुईशौ मनगटे भिडलेली असताना सुरू होते. मारामारी मात्र दोन पावलांवरून चेहऱ्याकडे आलेल्या ठोशाने सुरू होऊ शकते, आणि हालचालींचे संच कितीही वर्षे घोटले तरी ते अंतर कसे पार करायचे हे अंगवळणी पडत नाही.

सांदा नेमके तेच शिकवते. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून चीनच्या क्रीडा यंत्रणेने स्पर्धेसाठी घडवलेल्या या प्रकारात हातमोजे घालून ठोसे आणि लाथा चालतात, लाथ मारणाऱ्याचा पाय धरून त्याला पाडताही येते, आणि मुख्य म्हणजे समोरचा हार टाळण्यासाठी जिवाच्या आकांताने झुंजत असतो. याची किंमत डोक्याला बसणाऱ्या मारात मोजावी लागते, म्हणून चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याला मी तुईशौच सुचवेन.

प्रत्यक्ष लढतीचा सराव हवाच, याकडे इतिहासही बोट दाखवतो. १९५४ मध्ये मकाऊला ताई चीच्या वू घराण्याचे वू गोंगयी आणि श्वेत क्रौंच या दुसऱ्या चिनी युद्धशैलीचे चान हाक-फू यांची जाहीर लढत दुसऱ्या फेरीत थांबवली गेली आणि कोणीही विजयी ठरले नाही; चित्रफितीत तुईशौची सफाई शोधूनही फारशी सापडत नाही. २०१७ मध्ये छंगदूला मिश्र मार्शल आर्ट्सचे शू श्याओदोंग यांनी ताई चीचे वेई लेई यांना अर्ध्या मिनिटाच्या आत हरवले. एका पराभवावरून संपूर्ण कलेला नाकारणे अन्यायाचे आहे, परंतु प्रतिकार करणाऱ्या माणसाशी भिडण्याचा सराव नसेल तर घराण्याची थोरवी कामी येत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी गुरूंचे प्रात्यक्षिक न पाहता दोन-तीन वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्यांचा सराव पाहावा. तुईशौ पावले मोकळी सोडून होते का, हातमोजे घालून लढती होतात का आणि त्या दर आठवड्याला होतात का, हे विचारावे. तीनही उत्तरे होकारार्थी असतील, तर पारंपरिक ताई ची निःशंकपणे निवडावी. अन्यथा वय आणि प्रकृती साथ देत असेल तर आधी दोन वर्षे सांदा करून मग तुईशौकडे वळावे, कारण ठोशाची भीती गेलेल्या माणसाला ही सूक्ष्म विद्या लढतीत वापरता येते.