विश्रामबागचं रेसिंग दुकान आणि भावाच्या हॉलमधनं गेलेली गाडी (4 स्टार)

सांगलीत शंभर फुटी रोडच्या बाजूला नवीन रेसिंग सिम्युलेटरचं (खऱ्या गाडीसारखं सीट-स्टेअरिंग असलेला रेसचा गेम) दुकान झालंय, रविवारी पोराला घेऊन गेलतो. अर्ध्या तासाचे दोनशे म्हटल्यावर आधी जिवावर आलं, एवढ्यात घरातल्या सगळ्यांची मिसळ होते राव. पण बसलो आणि पैसे वसूल. स्टेअरिंग असलं हिसके मारतं की दुसऱ्या दिवशी गाडीची किक मारताना सुद्धा मनगट दुखत होतं.

पोरगं डायरेक्ट मोंझावर गेलं, इटलीतला फेमस ट्रॅक तो. मी आपला ट्रॅकची लिस्ट खाली खाली ओढतोय तर ओरान पार्क दिसलं आणि दचकलोच, कारण माझा मामेभाऊ सिडनीत ओरान पार्कलाच राहतो, आणि मी इतकी वर्षं ते कॉलनीचं नाव समजत होतो! मग घरी येऊन वाचत बसलो. 1962 ला चालू झालेला ट्रॅक, 1974 आणि 1977 ची ऑस्ट्रेलियन ग्रांप्री (तिकडची मोठी कार रेस) इथंच झाली, 2010 च्या जानेवारीत बंद, आणि आता सगळी घरं, शाळा, दुकानं. हा गेम बनवणाऱ्या आयरेसिंगवाल्यांनी ट्रॅक पाडायच्या आधी लेझरनं मोजून ठेवलाय म्हणून आपल्याला विश्रामबागला बसून चालवायला मिळतोय.

ट्रॅक जेमतेम 2.6 किलोमीटरचा, पण इंग्रजी आठासारखा, म्हणजे रस्ता पुलावरनं स्वतःलाच ओलांडून जातो. त्या पुलापाशी मी तीनदा भिंतीत घातली, चौथ्यांदा निघाली तेव्हा एकटाच ओरडलो, शेजारचं कॉलेजचं पोरगं बघायला लागलं.

रात्री सातला भावाला फोन लावला, तिकडं साडेअकरा. म्हटलं तुझ्या हॉलमधनं दीडशेनं गेलो बघ. आधी शिव्या दिल्या, मग म्हणतोय आमच्या मेन रोडचं नाव पीटर ब्रॉक ड्राईव्ह, मला वाटलं कोणतरी मंत्री असेल. अरे बाबा, नऊ वेळा बाथर्स्टची मोठी कार रेस जिंकलेला ड्रायव्हर तो! मॉलचं नाव पण पोडियम (रेस जिंकणारे उभे राहतात तो मंच) आहे म्हणे, तिथनं हा दर शनिवारी भाजी आणतो आणि याच्या डोक्यात कधी आलं नाही.

एक स्टार कापला तो तीन नंबरच्या सीटसाठी. ब्रेकचं पेडल सैल आहे, सांगितलं तर काउंटरवरचा मोबाईलमधनं मान वर न करता 'दाबून मारा' म्हणतो. एसी पण नावालाच. एक नंबरची सीट मागा आणि पातळ सोलचे बूट घाला, चपलेवर बसू देत नाहीत.