रोख भरावी की जामीनदार उभा करावा?

जामीन मंजूर झाला म्हटलं की घरच्यांना वाटतं, माणूस आता संध्याकाळी घरी. मग वकील हुकूम वाचून दाखवतात: '25,000 रुपयांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः सही करून दिलेलं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार.' खरी धावपळ तिथून पुढे.

ही रक्कम म्हणजे दंड नव्हे, तारखेला हजर राहण्याची हमी आहे. त्यामुळे तारखा नीट पाळल्या असतील, तर शेवटी शिक्षा झाली तरी ती बुडत नाही. आणि जामीनदार दिला तर त्या दिवशी कोणालाच 25,000 भरावे लागत नाहीत. हे अनेकांना माहीतच नसतं, ते दागिने घेऊन सराफाकडे पळतात.

जामीनदाराचा मार्ग स्वस्त, पण सावकाश. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, सातबारा किंवा पगाराची स्लिप, काही ठिकाणी तहसीलमधून ऐपतीचा दाखला. कागदांची पडताळणी होईपर्यंत माणूस आतच. आधी आणखी कोणाकोणाला जामीन राहिलात, हेही जामीनदाराला लिहून द्यावं लागतं. खरा धोका पुढचा. आरोपी फिरकलाच नाही, तर मुचलका जप्त होतो आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या सध्याच्या कायद्याच्या; पुढची कलमंही त्यातलीच) कलम 491 प्रमाणे नोटीस येते ती जामीनदाराच्या दारात. कारण पटलं तर कोर्ट रक्कम कमी करू शकतं. पटलं नाही आणि वसुलीही झाली नाही, तर जामीनदारालाच सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. मेव्हण्याला 'फक्त एक सही कर' म्हणण्याआधी हे त्याला सांगा. जामीनदाराला मधेच अंग काढून घेता येतं (कलम 489), पण मग कोर्ट आरोपीला पकडून आणायचं वॉरंट काढतं आणि नवा जामीनदार शोधावा लागतो.

रोखीचं उलट. कोर्टाने परवानगी दिली (कलम 490, आणि ती हक्काने मिळत नाही, मागावी लागते), तर पैसे भरून बरेचदा त्याच दिवशी सुटका. नातेवाइकांचे उपकार नाहीत. मात्र पैसे खटला संपेपर्यंत अडकतात, आणि खटला कधी संपेल ते कोणी सांगू नये. घरात पडून असलेले पैसे असतील तर ठीक. महिना दोन टक्क्यांनी उचलले असतील, तर 25,000 वर तीन वर्षांत 18,000 नुसतं व्याज जातं.

म्हणून मला मधली वाट पटते. आधी काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन मागायचा, माणूस बाहेर काढायचा, मग मुदतीत जामीनदार देऊन रोख परत मागायची. महाराष्ट्रातल्या कोर्टांत असे हुकूम नेहमी होतात. अर्जात ही मागणी वकिलांना आवर्जून लिहायला लावा.

आरोपी तारखा चुकवणारा असेल तर मात्र माझं मत सरळ आहे: रोखच भरा. बुडाले तर पैसे बुडतील, नातं नाही.

दोन्ही जमत नसेल तर नुसता जातमुचलका मागावा. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं धरून त्याला मुचलक्यावर सोडावं, असं कलम 478 सांगतं. अजामीनपात्र गुन्ह्यातही रक्कम अवाजवी नसावी असा कायदा आहे. ती कमी करायला सत्र किंवा उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. 'स्थानिक जामीनदारच हवा' असं ऐकायला मिळालं तर मोतीराम नावाच्या गवंड्याचा खटला आठवावा. त्या गवंड्याला 10,000 रुपयांचा जामीन सांगितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला जामीनदार घेतलं नव्हतं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोतीरामला स्वतःच्या 1,000 रुपयांच्या मुचलक्यावर सोडायला लावलं.

कोर्टाच्या आवारात 'जामीनदार आणून देतो, इतके द्या' म्हणणारे भेटतील. अमेरिकेत बाँड एजंटचा, म्हणजे पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांचा, परवानाधारक धंदा बऱ्याच राज्यांत चालतो. आपल्याकडे तसं काही नाही. त्यांचे कागद बनावट निघाले तर जामीन रद्द होण्याची आणि नवा गुन्हा अंगावर येण्याची वेळ आरोपीवरच.

रोख भरलीत तर पावती कोणाच्या नावाने फाडली ते खिडकीवरच तपासा आणि मूळ पावती जपून ठेवा. काही वर्षांनी परताव्याचा अर्ज करताना पहिली तीच मागतात.