सेकंडहँड अ‍ॅक्वेरियम आणि "शिल्लक वॉरंटी" : दुकानाचा, टाकीचा आणि फिल्टरचा खरा रिव्ह्यू

वापरलेलं अ‍ॅक्वेरियम घेताना कोणी "कंपनीची वॉरंटी अजून शिल्लक आहे" असं म्हणालं तर लगेच विचारा, शिल्लक आहे ती कोणाच्या नावावर? बाकी सगळं नंतर. मी घेतलेल्या सेटमध्ये सगळा घोळ इथेच झाला म्हणून आधीच सांगतोय.

टाकी १०० बाय ४० बाय ५० सेंटीमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तर २०० लिटर, खाली कॅबिनेट, सोबत कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, बंद डब्यातला), हीटर आणि एलईडी लाईट. दुकान नवं जुनं दोन्ही विकतं, नाव लिहीत नाही. टाकीवर चिठ्ठी चिकटवलेली होती "कंपनी वॉरंटी शिल्लक", काउंटरवर विचारलं तर तेच तोंडी सांगितलं आणि पहिल्या मालकाच्या बिलाची झेरॉक्सही हातात दिली. टाकी दिसायला उत्तम, कोपरे उडालेले नाहीत, काचेवर ओरखडे नाहीत, आतल्या सिलिकॉनची पट्टी सगळीकडे सलग, कुठे सुटलेली नाही. दुकानात पाणी भरूनही दाखवलं, तेव्हा एक थेंब आला नाही.

घरी लावल्यावर काही महिने सगळं मस्त चाललं, मग मागच्या बाजूला खाली डाव्या कोपऱ्यात काचेवर बाहेरून एक पांढरी रेघ दिसायला लागली. पुसली की जायची, परत यायची. हात लावला तर ओल नाही, म्हणून बरेच जण अशा रेघेकडे लक्षच देत नाहीत, पण ती क्षारांची असते. पाणी इतकं कमी पाझरतं की बाहेर आलं की वाळून जातं आणि क्षार मागे राहतात. कॅबिनेटच्या वरच्या फळीची कड त्या कोपऱ्याखाली फुगली होती, पार्टिकल बोर्ड असल्यामुळे आतपर्यंत पाणी प्यायलेली, बोटाने दाबली की भुसा निघत होता. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर काच आणि वाळूचं वजन वेगळं, आणि ते सगळं या फळीवर उभं. त्या रात्री टाकी अर्ध्यापर्यंत रिकामी केली तेव्हा कुठे जीवात जीव आला.

कंपनीला बिलाची झेरॉक्स, सिरीयल नंबर, फोटो सगळं पाठवलं. उत्तर लवकर आलं आणि भाषाही चांगली होती, पण अर्थ एकच, वॉरंटी फक्त पहिल्या ग्राहकाला, टाकी दुसऱ्याला विकली की संपली. तारखेप्रमाणे मुदत शिल्लक असली तरी. नंतर बऱ्याच कंपन्यांच्या अटी वाचल्या तर हे कलम ठिकठिकाणी सापडलं. शिवाय अजून दोन गोष्टी असतात ज्या सेकंडहँडवाल्याला जास्त नडतात. एक म्हणजे टाकी सपाट आणि लेव्हलमध्ये असलेल्या स्टँडवरच हवी, आणि कंपनीने सांगितलं असेल तसंच खाली फोम शीट टाकायचं किंवा टाकायचं नाही (ज्या टाकीला खालून प्लॅस्टिकची चौकट असते आणि तळाची काच थोडी अधांतरी असते तिला शीट टाकायचं नसतं, ज्या टाकीची काच थेट फळीवर बसते तिला सहसा लागतं). आता पहिल्या मालकाने ती कशी ठेवली होती हे दुसरा माणूस कसं सिद्ध करणार? दुसरी गोष्ट म्हणजे गळतीमुळे फरशी, फर्निचर, मासे यांचं जे नुकसान होतं ते बहुतेक वेळा भरपाईत येतच नाही, फार तर टाकी बदलून मिळते.

मग दुकानात गेलो. तिथे म्हणाले टाकी आम्ही बनवलेली नाही, कंपनीशी बोला. ही गोष्ट मला मनापासून खटकली. कंपनीने मला काहीच वचन दिलं नव्हतं, वचन दिलं होतं दुकानाने, चिठ्ठी लावून, आणि त्या शब्दावर वस्तू विकली. रोज हाच धंदा करणाऱ्या माणसाला वॉरंटी पुढच्या माणसाला मिळत नाही हे माहीत असायलाच पाहिजे. चिठ्ठीचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, तो दाखवल्यावर मात्र आवाज खाली आला आणि सील फुकट करून देतो म्हणाले.

पहिल्यांदा जो मुलगा आला त्याने बाहेरून कोपऱ्यावर सिलिकॉनचा जाड पट्टा ओढला आणि गेला. हे चालत नाही मंडळी. पाण्याचा दाब आतून बाहेर असतो, बाहेरचा पट्टा तो दाब ढकलूनच सैल करतो, आणि वाळलेल्या जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरतही नाही. रेघ परत आली. दाब किती असतो ते बघा, ५० सेंटीमीटर उंचीची आणि १०० सेंटीमीटर लांबीची समोरची काच, पूर्ण भरल्यावर तिच्यावर साधारण १२५ किलो वजनाइतका जोर बाहेरच्या दिशेने असतो आणि त्यातला जास्तीत जास्त खालच्या भागात. दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवर, म्हणून उंच टाकी जुनी घेताना जास्त बघून घ्यायची.

परत भांडल्यावर दुकानातले वयस्कर कारागीर आले आणि त्यांचं काम मात्र बघत राहावं असं होतं. टाकी पूर्ण रिकामी, मग काचेच्या अगदी जवळून ब्लेड फिरवून चारही कोपऱ्यांतली आणि तळाची आतली पट्टी खरवडून काढली, फक्त गळका कोपरा नाही, कारण नवीन पट्टी जुन्या पट्टीला जिथे टेकते तिथेच पुन्हा वाट होते. दोन काचांच्या मधला जो पातळ थर असतो, ज्याच्यावर खरा भार असतो, त्याला हात लावला नाही. टॉर्च मारून तो थर मला दाखवला, म्हणाले यात बुडबुडे किंवा पांढरट सुटलेला भाग दिसला असता तर आतून सील करून उपयोग नव्हता, काच काढून नव्याने जोडावी लागली असती. मग अल्कोहोलने पुसणं, मास्किंग टेप, एका दमात सिलिकॉन, बोटाने एकच हात आणि लगेच टेप ओढून काढली. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं, बुरशीरोधक नाही, कारण बाथरूमसाठीच्या त्या प्रकारातलं औषध माशांना घातक असतं. वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका असं बजावून गेले. नंतर टाकी घराबाहेर ठेवून, खाली कडेकडेने वर्तमानपत्र पसरून, टप्प्याटप्प्याने भरली. तेव्हापासून कोरडी आहे. कॅबिनेटची फळी मात्र मीच बदलून घेतली, त्याचं दुकानाने काही दिलं नाही.

मासे तेवढे दिवस प्लॅस्टिकच्या मोठ्या टबमध्ये होते आणि इथे फिल्टरला पूर्ण मार्क. फिल्टर टबला जोडून चालूच ठेवला, कारण माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया त्याच स्पंजमध्ये असतात आणि पाणी फिरायचं थांबलं की काही तासांत ऑक्सिजनविना मरायला लागतात. एकही मासा गेला नाही. कॅनिस्टरची वॉरंटीही अर्थातच गेलेली, पण तिथे मला तिची फिकीर नाही, ओ-रिंग (डब्याचं रबरी कडं) आणि इम्पेलर (पाणी ढकलणारा छोटा पंखा) सुटे मिळतात, घरी बदलता येतात. टाकीचं तसं नसतं. हीटर मी जोडलाच नाही, जुन्या हीटरचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत चिकटला तर पाणी तापतच राहतं, ती वस्तू नवीनच घ्यायची, स्वतःच्या नावाच्या बिलावर.

दुकानाला माझी मागणी एवढीच की चिठ्ठ्या काढा आणि बिलावर स्वतःच्या सहीने लिहा, टाकी इतक्या महिन्यांत गळली तर आम्ही आतून पूर्ण सील करून देऊ किंवा परत घेऊ. तुमच्याकडे इतका चांगला कारागीर आहे, लिहून द्यायला घाबरायचं कारण नाही. घेणाऱ्यांनीही हेच लिहून मागा, "चेक करून दिली" या तीन शब्दांवर टाकी उचलू नका, आणि गाडीत नेताना ती पूर्ण रिकामी असू द्या, तळाशी वाळू आणि थोडं पाणी ठेवून उचलली की काच पिळते आणि जोडावर ताण येतो, मग दुकानवाला त्याचं खापर तुमच्यावर फोडतो.

पाचपैकी मार्क द्यायचे तर फिल्टर पाच, टाकी दुरुस्तीनंतर चार, कारागिराला पाच, वॉरंटीच्या बोलण्याला शून्य. लाईटची एक क्लिप तुटकी निघाली होती, ती अजून मिळालेली नाही, मिळाली की इथे लिहीन.