स्लॅबचं काँक्रीट: मिस्त्रींचा ठोकताळा की आपला टेप?

वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी मी रेडीमिक्सच्या (तयार कालवून गाडीने येणाऱ्या काँक्रीटच्या) प्लँटवर फोन लावला आणि मिस्त्रींनी सांगितलेला आकडा जसाच्या तसा पुढे केला: "दहा ब्रास." पलीकडच्याने त्याचे घनमीटर केले, सव्वाअठ्ठावीस. मग म्हणाला, "साहेब, घर हजार फुटांचं म्हणालात ना? उरलेलं कोयनेला पाठवायचंय का?"

चूक त्याची नव्हती आणि मिस्त्रींचीही नव्हती. आपल्याकडे खडी-वाळूचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि स्लॅबचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. मिस्त्रींचे दहा ब्रास क्षेत्रफळाचे होते. शब्द एकच, अर्थ दोन, आणि दोन्ही एकाच कामावर, कधी तर एकाच वाक्यात. "दहा ब्रासच्या स्लॅबला चार ब्रास खडी" हे ऐकून मान डोलावणारा मालक मी स्वतः होतो. या एका कटकटीपायी माझा कल टेपकडे झुकला. एरवी ठोकताळ्याशी माझं भांडण नाही.

खालचा स्लॅब त्याच ठोकताळ्यावर झाला होता. "ब्रासला सिमेंटची अकरा पोती धरा," मिस्त्री म्हणाले. 110 पोती आणली, लागली 118. दुपारी चारला पोरगा टेम्पो घेऊन दुकानात गेला, आठ पोती आली, हॉपरचा मिक्सर फिरत राहिला. त्या आठ पोत्यांची पुढे कुणाला आठवणही राहिली नाही. जागेवर माल कालवायचा असेल, दुकान जवळ असेल आणि मिस्त्री गावातलेच असतील, तर मला वाटतं फार डोकं लावू नये. पायाच्या खड्ड्यांत तर त्यांची नजरच जास्त चालते. आमच्या काळ्या मातीत खड्ड्याच्या कडा ढासळतात, नकाशातलं माप नकाशातच राहतं आणि पीसीसी (तळाचं बिनसळईचं काँक्रीट) किती जाईल हे खड्ड्यात डोकावणाऱ्यालाच कळतं.

रेडीमिक्सला मात्र ही चैन नाही. तिथे अर्धा घनमीटर कमी पडला तर दुसरी गाडी येईपर्यंत टाकलेली कड घट्ट होऊ लागते आणि नंतर तिथूनच पाणी झिरपतं. शिवाय एवढ्याशा मालासाठी गाडी सोडायला प्लँटवाला कुरकुरतो, सोडली तरी भाडं पूर्ण लावतो.

म्हणून वरच्या स्लॅबच्या वेळी टेप घेतला. हिशेब शाळेतलाच आहे: 1000 चौरस फूट, जाडी 5 इंच, म्हणजे 417 घनफूट. घनमीटरला 35.3 घनफूट, तेव्हा 11.8 घनमीटर. ठोकताळ्यात दिसत नाहीत ते बीम. आमचे 9 बाय 15 इंचाचे, एकूण 150 फूट लांब. वरचे 5 इंच स्लॅबमध्ये मोजून झालेत, म्हणून खालचे 10 इंचच धरायचे. ते झाले 2.65 घनमीटर. एकूण 14.45. सळईची वजाबाकी करायची नसते. जिना असेल तर त्याचा तिरका स्लॅब आणि पायऱ्यांचे त्रिकोण वेगळे मोजा.

मोबाइलवरचे कॅल्क्युलेटरही पाहिले. वाईट नाहीत, पण बहुतेकांना बीम ठाऊक नसतात. शिवाय काही कोरड्या मालाचा आकडा दाखवतात, म्हणजे ओल्या काँक्रीटच्या साधारण 1.54 पट. जागेवर 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) कालवायचं असेल तर त्याचा उपयोग आहे, त्यावरूनच घनमीटरला सिमेंटची आठ पोती निघतात. रेडीमिक्सला तोच आकडा सांगितलात तर गरजेच्या निम्म्याहून जास्त माल जादा येईल.

इथवरचं घरी बसूनही होतं. पण खरं माप सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्यावर. आदल्या संध्याकाळी, सळई बांधून झाल्यावर, लाइनदोरी ताणून दहा-बारा ठिकाणी खोली पाहिली. कुठे पाच इंच, कुठे पाच इंच चार सूत. सरासरी दोन सूत जास्त. दोन सूत म्हणजे पाव इंच, बोलण्यात काहीच नाही. हजार फुटांवर पसरले की 0.6 घनमीटर होतात. मिस्त्रींना दाखवलं तर म्हणाले, "प्लेटा दबणारच की." दोन टेकू ठोकून घेतले, तरी आकडा 15.05 धरला. सांडलवंड आणि पंपाच्या पाइपात राहणारा माल म्हणून थोडं वर, साडेपंधरा.

सहा, सहा आणि साडेतीन अशा तीन गाड्या ठरल्या, पण तिसरीचा आकडा मोकळा ठेवायला सांगितला. दुसरी गाडी अर्धी रिकामी झाल्यावर उरलेला भाग पुन्हा मोजला आणि फोन केला. साडेतीनच लागणार होते. टेपमध्ये माझी एक संध्याकाळ गेली, आणि मिस्त्री दोन दिवस जरा गप्प होते, हा खर्च धरायलाच हवा. तुमचं जमत असेल तर त्यांना सोबत घेऊनच मोजा, मी तेवढं शहाणपण दाखवलं नाही.

शेवटी सात-आठ घमेली माल उरला. मागच्या नळाखाली विटांची चौकट आधीच मांडून ठेवली होती, त्यात ओतला. धुणं आता तिथंच होतं.