पितळी भोंग्याचा 'जुना' एचएमव्ही ग्रामोफोन घेताय? आधी हे वाचा

घरात ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या रेकॉर्ड्स पडून आहेत आणि त्या ऐकायला भोंग्याचा ग्रामोफोन शोधताय अशा लोकांसाठी लिहितोय. चोरबाजार, जुना बाजार, ऑनलाइन, सगळीकडे एकच मशीन दिसेल, चकचकीत पितळी भोंगा, अष्टकोनी पेटी, पुढे एचएमव्ही कंपनीच्या कुत्र्याचा बिल्ला. ते जुनं नसतं, हल्लीच जोडलेलं असतं.

मला ज्याने विकलं तो म्हणाला १९१५ चं आहे, संस्थानिकाच्या वाड्यातून आलंय, चावी भरून रेकॉर्ड लावून पण दाखवली, आवाज खणखणीत, ३५ हजार घेतले. सुई किती चालते विचारलं तर म्हणे महिनाभर आरामात. हे तर धडधडीत खोटं. लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची बारीक पूड असते, ती स्टीलच्या सुईचं टोक झिजवून खाचेच्या मापाचं करते, म्हणून एक बाजू वाजली की सुई फेकायची असते, तीच परत लावली तर ती खाच कापत सुटते.

पैशांचं सोडा हो, सासऱ्यांच्या रेकॉर्ड्स होत्या, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव, ज्योत्स्नाबाई भोळे. हिराबाईंच्या रेकॉर्डवर राखाडी पट्टा आला आणि तान वर गेली की नुसती खरखर. ती आता कुठून आणू?

पुण्यात ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी पेटी उघडली. मोटर कुठल्यातरी मोडक्या पोर्टेबल ग्रामोफोनची, तेवढीच काय ती जुनी. आत फुलीचे स्क्रू, ते बाजारात आले १९३० च्या दशकात, मग १९१५ च्या मशीनला कसे? आर्म, म्हणजे सुई रेकॉर्डवर धरणारा दांडा, अंदाजाने वाकवलेला, त्यामुळे सुई खाचेत सरळ न बसता एका कडेला घासते, वर साउंडबॉक्स (सुई बसवतात ती, तिच्या थरथरीचा आवाज करणारी डबी) जड. काका म्हणाले, नवी सुई लावलीस तरी हे रेकॉर्ड खाणारच.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी 'अँटिकला रिटर्न नसतो', मग 'बिल वाचा'. बिलावर चक्क 'डेकोरेटिव्ह पीस' लिहिलंय, साल नाही, एचएमव्ही पण नाही. मग ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, त्यांचा नंबर पण १९१५ च आहे, काय योगायोग! पण बिलामुळे माझी बाजू लंगडी पडतेय. सुदैवाने साल सांगितल्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहेत, तुम्हीही असलं सगळं लेखीच मागा.

चावीचंच हवं असेल तर सुटकेससारखा एचएमव्ही १०२ बघा, १९३१ पासून निघालेलं मॉडेल, दिसायला साधं पण रेकॉर्डला जपणारं, अर्थात जाणकाराला दाखवूनच. नाहीतर ७८ स्पीडचा इलेक्ट्रिक टर्नटेबल घ्या आणि ७८ ची वेगळी सुई लावा, नंतरच्या एलपी रेकॉर्डची नको, ७८ ची खाच साधारण तिप्पट रुंद असते. मी आता तसंच ऐकतो.

परवा एका दुकानात तसलंच मशीन दिसलं, मुद्दाम म्हटलं बिलावर साल आणि मेक लिहून द्या. लगेच, "साहेब, हे शोपीस आहे, कमी करून देतो की!"